वाढवू का आवाज?

मंडळी, ‘आवाज वाढव’ या दोन शब्दांवर आपण मुंबईकर जगतो. मांडवातल्या साउंडवाल्याला आपण हेच सांगतो, रिक्षात गाणं लागलं की हेच, आणि ऑफिसच्या कॉलवर मीटिंग सुरू होताच पहिलं वाक्यही हेच. त्यामुळे गेल्या गणपतीत माझ्या मावसभावाने जो घोळ घातला, त्याबद्दल त्याला फार बोलण्यात अर्थ नाही.

झालं काय, गिरगावातली मावशीची चाळ आता पाडणार. टॉवर होईपर्यंत सगळे इकडेतिकडे पांगणार. म्हणजे चाळीतला हा शेवटचा गणपती. आरती धरणार आजी, कारण कित्येक वर्षं तीच धरते. वय ८५, आवाज अजून खणखणीत. भाऊसाहेबांनी ठरवलं, रेकॉर्ड करायचं. नवा माइक लॅपटॉपला जोडला, झांजवाल्या पोरांच्या पुढ्यात ठेवला आणि लेव्हल फुल्ल! मीटर सतत लाल. ‘बघ, काय दणदणीत येतंय!’

रात्री ऐकलं. दणदणीत कसलं, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं नुसतं खर्रर्र. आजी त्यात कुठेतरी बुडालेली. भावाने व्हॉल्यूम कमी केला. आता तेच खर्रर्र हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन दादरला एका मित्राकडे गेले. तो साउंड एडिटर आहे. त्याने वेव्हफॉर्म मोठी करून दाखवली. जिथे डोंगरासारखे कंगोरे हवेत, तिथे वरून कापून काढलेली सपाट गच्ची. ‘अगं, इस्त्री केलीय का याच्यावर?’ म्हणाला.

मग फंडा कळला. आपल्याला माहीत असलेला डेसिबल रस्त्यावरचा. तो शून्यापासून वर मोजतात; शून्य म्हणजे जेमतेम ऐकू येणारा आवाज. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे ती हीच. (विसर्जनाला लालबागमध्ये उभं राहून हा आकडा आठवून बघा.) कॉम्प्युटरमधला डेसिबल मात्र उलटा. तिथे शून्य हे छत. सगळं त्याच्या खाली, म्हणून आकडे उणे: उणे ६, उणे १२, उणे २०.

चाळीत वाढलेल्यांना हे पटकन समजेल. पोटमाळ्याखाली उभे राहा. उंची कमी असेल तर मजेत. जास्त असेल तर पोटमाळा काही वर सरकत नाही, डोकंच आपटतं. नेहमीच्या डिजिटल फाइलमध्ये शून्याच्या वर आकडाच लिहिता येत नाही, त्यामुळे लाटेचा शेंडा छाटला जातो. याला म्हणतात क्लिपिंग. जुनी टेप यात जरा दयाळू होती, आवाज वाढला की हळूहळू दबत जायची. डिजिटलचा कारभार सुरीसारखा. आणि एकदा उडालेला शेंडा व्हॉल्यूम कमी करून परत येत नाही. दुरुस्तीची सॉफ्टवेअर आहेत, पण ती अंदाजाने शेंडा रंगवतात, तोही थोडा छाटला असेल तर. आमची तर अख्खी गच्ची होती.

मग रेकॉर्ड करायचं कसं? सगळ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास राहील असं. भित्रेपणा वाटतो ना? पण २४ बिटवर रेकॉर्ड केलं तर खाली भरपूर जागा असते, आवाज नंतर आरामात वर उचलता येतो. ३२ बिट फ्लोटवाले रेकॉर्डर आल्यापासून ही चिंता बरीच कमी झालीय म्हणे, पण माइकच गुदमरला तर तेही काय करणार.

दुसरी गंमत अजून भारी. मीटरचा सर्वोच्च आकडा आणि कानाला वाटणारा मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी. झांजेचा एकच ठोका शून्याला टेकतो, आजीचा आवाज त्याच्या खूप खाली असतो. फाइल मात्र म्हणते, ‘मी फुल्ल.’ हाच सर्वोच्च आकडा धरून सगळे शेंडे दाबत, बाकीचं वर चढवत कंपन्यांनी वर्षानुवर्षं गाणी मोठी केली. २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा फॅन्सनीच बोंब मारली, की अल्बमपेक्षा व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त स्वच्छ वाजतात. त्याआधीच, २००६ मध्ये, आयटीयूने कानाला वाटणारा मोठेपणा मोजायची पद्धत ठरवली होती. त्याचं माप लफ्स. आता स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सवर आणून ठेवतं. म्हणजे तुम्ही कितीही कोंबा, तिकडे गाणं गुपचूप खाली ओढलं जातं. हाती उरतं ते फक्त चेपलेलं गाणं.

मित्र मग सिनेमावर घसरला, तो घसरतोच. म्हणाला, इथून जवळच परळला व्ही. शांताराम यांचं राजकमल, तिथले मंगेश देसाई आठव. ‘शोले’चं मिक्सिंग त्यांचं. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तिथे काय ऐकू येतं? झोपाळ्याची करकर. गोळ्यांच्या शेजारी ती करकर अंगावर येते, कारण तिच्याभोवती शांतता ठेवलीय. सगळंच मोठं केलं असतं तर तो झोपाळा ऐकू तरी आला असता का?

हे सगळं ठीक, पण आजीचं काय? फाइल तर गेलीच होती. वाचवलं ते शेजारच्या काकूंनी. त्यांनी गॅलरीच्या पार टोकाला, तुळशीच्या कुंडीला टेकवून फोन ठेवला होता. रेकॉर्डिंग इतकं बारीक, की भावाने आदल्या रात्री ‘काही येतच नाहीये’ म्हणून ते बाजूला टाकलं होतं. मित्राने उघडलं. बारीक होतं, पण एकही शेंडा कापलेला नाही. लिमिटर लावून झांजेची टोकं थोडी दाबली आणि सगळं उचललं. मागे टॅक्सीचा हॉर्न, कुणाचं तरी पोर रडतंय, पंख्याची घरघर वाढलीय. पण त्या सगळ्याच्या पुढे, पोरांपेक्षा अर्धा ठोका आधी सुरू होणारी आजी.

रविवारी तिला हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

‘मध्येच खोकलं कोण रे?’

‘तूच गं.’

‘मग ते काढ. आणि आवाज जरा मोठा कर.’