रक्तदाबाच्या टेबलाशेजारी ध्यानाची खुर्ची

‘टेन्शन घेऊ नका.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात दंडावरचा बीपीचा पट्टा सोडवता सोडवता डॉक्टर हे सांगतात. पेशंट मान डोलावतो, चिठ्ठी घेतो आणि गोळ्यांच्या खिडकीकडे वळतो. मीठ कमी करा म्हटलं की लोणचं-पापड बंद, हे त्याला कळतं. चालायला जा म्हटलं की सकाळी लवकर उठायचं, हेही कळतं. टेन्शन न घेण्यासाठी नेमकं काय करायचं, हे मात्र त्याला कोणीच दाखवत नाही. डॉक्टरांना तरी वेळ कुठे असतो? बाहेरचं बाकडं भरलेलंच असतं.

या प्रश्नाचं एक साधं, फुकटचं आणि बऱ्यापैकी तपासून पाहिलेलं उत्तर गेली पन्नास वर्षं उपलब्ध आहे. ते सरकारी दवाखान्यात, रक्तदाब मोजतात त्याच टेबलाशेजारी शिकवलं गेलं पाहिजे.

हर्बर्ट बेन्सन हे हार्वर्डमधले हृदयरोगतज्ज्ञ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते माकडांवर प्रयोग करून ताण आणि रक्तदाब यांचा संबंध शोधत होते. महर्षी महेश योगी यांचं भावातीत ध्यान करणारी काही तरुण मंडळी त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, माकडं कशाला, आम्हालाच तपासा. बेन्सननी त्यांना आधी वाटेला लावलं. ध्यानाच्या नादी लागलेला डॉक्टर म्हणून नाव खराब होईल, ही धास्ती होती. पण मंडळी चिवट निघाली. शेवटी अंगाला तारा आणि नळ्या लावून त्यांची रीतसर तपासणी झाली. ध्यानाला बसल्यावर काही मिनिटांतच त्यांच्या शरीराचा प्राणवायूचा वापर १० ते २० टक्क्यांनी उतरला होता. श्वास मंदावला होता, रक्तातलं लॅक्टेट घटलं होतं. झोपेतही प्राणवायूचा वापर कमी होतो, पण हळूहळू, काही तासांनी. रॉबर्ट कीथ वॉलेस यांच्यासोबत बेन्सननी हे निष्कर्ष १९७२ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मांडले.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, तो जास्त मोलाचा. हे सगळं गुरूने दिलेल्या मंत्रामुळे घडतं का? मंत्राच्या जागी त्यांनी ‘वन’ हा रोजच्या वापरातला आकडा ठेवला. परिणाम तोच दिसला. १९७५ मध्ये ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकातून त्यांनी ही कृती सगळ्यांसाठी खुली केली. ती दोन मिनिटांत सांगून होते. आरामात बसायचं. डोळे मिटायचे. पावलांपासून चेहऱ्यापर्यंत एकेक स्नायू सैल सोडायचा. नाकाने सहज श्वास घ्यायचा आणि सोडताना मनातल्या मनात ‘एक’ म्हणायचं. असं दहा ते वीस मिनिटं.

बसल्यावर प्रत्यक्षात काय होतं, हेही आधीच सांगून ठेवायला हवं, कारण बहुतेक जण पहिल्या दोन दिवसांत सोडून देतात ते इथेच. जरा वेळ जातो न जातो तोच सिलिंडर लावायचा राहिला हे आठवतं. मग मुलीची फी. मग वहिनी परवा बोलल्या ते, आणि त्यावर आपण काय बोलायला हवं होतं ते. ‘एक’ कधीच हातातून सुटलेला असतो. आपल्याला हे जमणारच नाही, असं माणूस ठरवून टाकतो. खरं तर त्या क्षणी त्याच्या हातून काहीच चुकलेलं नसतं. मन भरकटलं हे लक्षात येणं आणि स्वतःवर न चिडता पुन्हा श्वासावर येणं, हाच तर सगळा सराव. एका बैठकीत तो पन्नास वेळा घडला तरी बैठक वाया जात नाही. मन कोरं करा, विचार येऊच देऊ नका, असं सांगणाऱ्यांनी या साध्या गोष्टीचं फार नुकसान केलं आहे.

शरीरात काय घडतं, यात गूढ काही नाही. साहेबांचा रात्री साडेदहाचा फोन आला की अंगावर कुत्रं धावून आल्यासारखीच तयारी शरीर करतं: अ‍ॅड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, स्नायू ताठरतात. या ‘लढा किंवा पळा’ प्रतिक्रियेचं वर्णन वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्येच केलं होतं. फोनवर लढता येत नाही आणि पळताही येत नाही, म्हणून ती तयारी अंगातच साचते. श्वास हे मात्र शरीराचं असं काम आहे, जे आपोआप चालतं आणि हवं तेव्हा आपल्या ताब्यातही येतं. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा लगाम घट्ट होतो आणि हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. उच्छ्वास लांबवला की हा परिणाम वाढतो. बोट मनगटावर ठेवून कोणालाही हे पाहता येतं.

२००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक सुंदर अभ्यास आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही प्रार्थना म्हणायला सांगितली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय व रक्ताभिसरणाच्या लयी जुळून आल्या. म्हणजे विठ्ठलाचं नाव घेणाऱ्याने ते खुशाल घ्यावं; ज्याला कुठलंच नाव नको, त्याने आकडा मोजावा. नामस्मरणवाल्यांनी ‘हे तर आमचंच’ म्हणून आणि बुवाबाजीला विटलेल्यांनी ‘हे तर त्यांचंच’ म्हणून दूर राहण्याचं कारण उरत नाही.

हा प्रयोगशाळेचा वारसा आपल्याला परका नाही. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. योगाच्या क्रिया ते क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने तपासत आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात त्याच्या नोंदी छापत. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं भरतात, तीही विनाशुल्क. पण घरी दोन लेकरं आणि म्हातारी सासू असलेल्या बाईला दहा दिवस कोण सोडतं? तिच्यासाठी पंधरा मिनिटांचीच गोष्ट हवी.

दावे मात्र बेतानेच करायला हवेत. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ने ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांचा आढावा छापला. चिंता, उदासी आणि वेदना यांत माफक फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस आहे, असं काही दिसलं नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचे निकाल आले, तेव्हा सरसकट सगळ्या मुलांना माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा जास्त काही हाती लागलं नव्हतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये ध्यानाला उपचाराची जोड म्हटलं, पर्याय म्हटलं नाही. बीपीची गोळी थांबवायची नाही. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा जुना आघात असलेल्यांना डोळे मिटून बसणं त्रासदायकही ठरू शकतं. त्यांना आधी डॉक्टर हवा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला हवा.

आणि बारा तास राबवून घ्यायचं, रजा नाकारायची आणि वर महिन्यातून एकदा ध्यानाचा तास ठेवायचा, हे तर कुणीही खपवून घेऊ नये. ताणाची काही कारणं खुर्चीत बसून जात नाहीत. पगार वेळेवर व्हावा लागतो, माणसं भरावी लागतात.

तरीही दवाखान्यातल्या त्या टेबलाशेजारची जागा मोकळीच आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायची सोय आहे, योगवर्गही तिथल्या कामात धरलेले आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत. नवी इमारत नको, अ‍ॅप नको, बाहेरचा गुरू नको. गोळ्या न्यायला येणाऱ्यांना आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी एकत्र बसवून ही कृती करून घ्यायची आणि घरी रोज करायला सांगायची. बीपीची नोंदवही तिथे असतेच, तिच्यात एक रकाना वाढवायचा: बसतात की नाही. एका तालुक्यात निम्म्या केंद्रांवर हे सुरू करावं, निम्म्यांवर नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडचे आकडे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी जाहीर करावेत. फरक दिसला तर उरलेल्या केंद्रांवर न्यावं, नाही दिसला तर तसं सांगून बंद करावं.