संगणक जे मोजेल, तेच कोयता तोडेल



तोडणी टोळ्यांच्या बक्षिसाचा हिशोब संगणकावर घालावा, असा विचार आपल्याकडे सुरू आहे. स्लिपबॉयने मोबाईलवर चिठ्ठी केली, काट्यावर वजन झाले, की रात्रीतून टोळीच्या नावावर बक्षीस जमा. कल्पना चांगली आहे. पण यंत्रात नियम कोणता घालायचा हे यंत्र सांगत नाही, ते आपणच ठरवायचे. म्हणून हे चार शब्द.

सर्वांत सोपा नियम म्हणजे जास्त टन, जास्त बक्षीस. मी इतकी वर्षे फडातून फिरतोय, हा नियम काय करील ते मला दिसते. टोळी रस्त्याकडेचा, उभा, जाड ऊस आधी बघणार. आतल्या रानातला लोळलेला ऊस आणि ओल्या वाटेचा खोडवा मागे राहणार, आणि त्या सभासदाकडे 'खुशाली' मागितली जाणार. घाईत बुडखाही उंच राहणार. समजा, 8 फुटी ऊस आहे, एकरी 40 टनाचा. 3 इंच बुडखा राहिला, तर 96 इंचांतले 3 गेले, म्हणजे सव्वा टन ऊस रानातच! शिवाय साखर जास्त असते ती बुडाकडेच. उलट शेंड्याकडचे कोवळे कांडे वाढ्याबरोबर जायचे, ते गाडीत येणार. एफआरपी उताऱ्याला बांधलेली आहे, तेव्हा ही खोट शेवटी आपल्याच बिलात उतरते. यात तोडकऱ्याला बोल कसा लावायचा? आपण टन मोजले, त्याने टन दिले.

दंडाचेही तसेच. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. खाडा पडला की दंड, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. वहीतला दंड निदान मुकादमाला विनवणी करून सुटायचा. यंत्राला विनवणी कळत नाही.

माझे म्हणणे असे. टनाची ठरलेली मजुरी जशीच्या तशी द्यावी, यंत्राने तिला हात लावू नये. बक्षीस वेगळे ठेवावे आणि ते जमिनीलगत तोड, स्वच्छ मोळी व पाळीपत्रकाप्रमाणे तोडणी यांवर द्यावे. अवघड फडाला जादा गुण असावेत. तोडलेला ऊस 24 तासांत गव्हाणीत पडावा हे खरे, पण गाडी कारखान्याच्या यार्डात अडकली तर टोळीचे गुण कापू नयेत. आजारपणाच्या, बाळंतपणाच्या खाड्याला दंड नको. आणि कोयत्यातल्या दोघांची नावे नोंदवून दोघांच्या खात्यात पैसे निम्मे-निम्मे जावेत. राबतात दोघं, मग पैसा एकाच्याच नावावर का?

बुडखा मोजायला मात्र माणूसच लागेल. तेव्हा फड संपला की शेतमालकाने आणि स्लिपबॉयने मिळून पाहणी करावी, दोघांच्या सहीशिवाय गुण चढू नयेत. आपण बांधावर न जाता घरी बसून सही ठोकली, तर यंत्र खोट्याचाच चोख हिशोब करील.

नियम पक्का करण्याआधी मुकादम आणि टोळीतल्या बायामाणसांना एकदा गट कार्यालयात बोलवावे. पहिला महिना नियम नुसता कागदावर चालवून बघावा, पळवाटा तेच दाखवून देतील. आपणही आपल्या सूचना गट कार्यालयात लेखी द्याव्यात, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी