दोष यंत्राचा, दंड श्रमिकाला

पुण्याच्या हिंजवडीत काम करणाऱ्या संगणक-कर्मचाऱ्यापुढे पुष्कळदा केवळ पडदा असतो. ज्या संगणकावर त्याचे काम चालते, तो कोठे तरी दूरच्या केंद्रात असतो. जोडणी तुटली की तो मदत-कक्षाला कळवितो, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तंत्रज्ञ दोष शोधू लागतात. त्या तासाभरासाठी त्याला कोणी उपाशी ठेवीत नाही.

नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यासारख्या गावी रास्त भाव दुकानातले ई-पॉस यंत्रही याच जातीचे आहे. बोट येथे टेकवायचे. ते कोणाचे, याचा निवाडा बेंगळुरू वा मानेसर येथील आधारच्या केंद्रात व्हायचा. फरक एवढाच की, येथे जोडणी तुटली तर तक्रारीला क्रमांक नसतो. 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' या पाच शब्दांत त्या दिवसाची मजुरी आणि शिधा दोन्ही बुडू शकतात. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. म्हणूनच या व्यवस्थेचा हिशेब मागण्याचा पहिला अधिकारही या जिल्ह्याचा आहे.

दोष कोठे आहे, हे ओळखणे फारसे गूढ नाही. एकाचे बोट जुळत नाही, पण मागच्याचे जुळते, तर जोडणी शाबूत आहे. दोष बोटाच्या ठशात किंवा नोंदीत आहे. कोयता धरून गुजरातेत ऊस तोडणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, हा काही त्याचा अपराध नव्हे. कोणाचेच बोट जुळत नाही, पण शेजारच्या गावात काम चालू आहे, तर दोष या यंत्रात वा येथल्या नेटवर्कमध्ये आहे. साऱ्या तालुक्यात काम ठप्प असेल, तर तो वर, सर्व्हरमध्ये आहे. दोषाच्या या जागांपैकी एकही शिधापत्रिकाधारकाच्या हाती नाही. दंड मात्र प्रत्येक वेळी त्यालाच भरावा लागतो.

वस्तुतः शासनाचा नियम याच्या नेमका उलट आहे. केंद्रीय अन्न विभागाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार, नेटवर्क वा ठशाच्या अडचणीमुळे ओळख पटली नाही, तर कार्ड पाहून धान्य द्यावयाचे आणि त्याची नोंद वेगळ्या अपवाद-नोंदवहीत करावयाची. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ८ प्रमाणे हक्काचे धान्य मिळाले नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता देणे राज्य शासनावर बंधनकारक आहे. अंत्योदय कुटुंबाचे महिना ३५ किलो धान्य ही भीक नव्हे, ते कायद्याने मान्य केलेले देणे आहे.

यंत्रामुळे काळाबाजार थांबला, असे सांगितले जाते. काळाबाजाराविरुद्धची लढाई आपल्याला नवी नाही आणि यंत्राशी आपले वैरही नाही. तथापि अंगठा माणसाची ओळख पटवितो, मापाची नव्हे. पाच किलोच्या पावतीवर चार किलो धान्य दिले गेले, तर अंगठ्याला ते कळत नाही. चोरी रोखण्याच्या नावाखाली प्रामाणिक श्रमिकालाच दर महिन्याला संशयित ठरविणे, हा समाजवादी न्याय नव्हे. तो साधा न्यायही नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी धान्यवाटपाच्या दिवसांत दुकानापाशी उभे राहावे. कोणी रिकाम्या हाताने परतत असेल, तर तारीख, वेळ आणि यंत्राच्या पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा टिपावा. अपवाद-नोंदवही दाखवा, असा आग्रह धरावा. ती नसेल वा कोरी असेल, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी आणि गावच्या दक्षता समितीत तो प्रश्न मांडावा. प्रत्येक दुकानात महिन्याला किती जणांची ओळख पटली नाही आणि त्यांपैकी कितींना धान्य मिळाले, हे दोन आकडे दुकानाच्या फलकावर लावण्याची मागणी आपण सर्वत्र केली पाहिजे.

यंत्र बिघडणारच. पण ते बिघडले असता कोणी थांबायचे, शासनाने की भुकेल्याने, हा प्रश्न तंत्राचा नाही, राजकारणाचा आहे. आणि त्याचे उत्तर तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.