काजळ, धूर आणि कॉलेजातली मुलगी
(एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या स्नेहसंमेलनाच्या आधीची गोष्ट. आम्ही चौघी मैत्रिणींनी वर्गणी काढून आलापल्लीतल्या एका मेडिकल स्टोअरमधून काजळाची पेन्सिल आणि चार रंगांची आयशॅडोची एक लहान डबी विकत घेतली. दुकानदाराने ती वर्तमानपत्रात गुंडाळून हळूच आमच्या हातात दिली. डोकेदुखीची गोळी उघडी मिळते, डोळ्यांचा रंग मात्र झाकून न्यावा लागतो, याचे तेव्हा मला हसू आले. दुसऱ्या दिवशी आले नाही. वर्गात मागून कुणीतरी "हिरॉईन आली" म्हणाले, आणि एका वडीलधाऱ्या हितचिंतकांनी समजावले की, घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुलीने पुस्तकात डोळे घालावेत, डोळ्यांत काही घालू नये.

मी ते मनाला लावून घेतले, हे कबूल करते. म्हणूनच लिहीत आहे.

आम्हाला करायचे होते ते 'स्मोकी आय', म्हणजे धुरकट डोळे. पापणीच्या कडेला गडद काळी रेघ ओढायची, ती बोटाने पसरायची, आणि वर भुवईकडे जाता जाता रंग फिका करत धुरासारखा विरघळवायचा. मोबाईलवर पाहताना सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी मी कुणाशी तरी मारामारी करून आल्यासारखी दिसत होते. डबीतला राखाडी रंग आमच्या सावळ्या कातडीवर रंग म्हणून दिसेचना, राख फासल्यासारखा दिसे. तपकिरी तर लावला काय आणि न लावला काय. तो रंग कुणाची कातडी समोर ठेवून बनवला असेल, आमची तर नक्कीच नव्हे! शेवटी डबी बाजूला ठेवली. नुसती काजळाची पेन्सिल कडेने फिरवली, अनामिकेने हलकेच पसरली, आणि काय सांगू, चौघींचेही डोळे बोलू लागले. तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, स्वस्तातली पेन्सिल घ्यावी, स्वस्तातल्या डबीत पैसे घालू नयेत. एप्रिल-मे मध्ये तर काहीच लावू नये, आपल्याकडच्या उन्हात घामाबरोबर सगळे गालावर उतरते. आणि एकच पेन्सिल चौघींनी वापरण्याची आमची चूक कुणी करू नये. एकीचे डोळे आले आणि आठवड्यात सगळ्यांचे आले.

आता 'हे विलायती फॅड' या आक्षेपाविषयी. १९१७ सालच्या 'क्लिओपात्रा' या अमेरिकन मूकपटात थीडा बारा या नटीने असेच काळेभोर डोळे रंगवले होते, आणि पुढच्या दशकात तिकडच्या तरुणींत ती पद्धत रुळली, हे खरे. पण ते काळे आले कुठून? मिसर देशात आणि आपल्याकडे डोळ्यांत अंजन घालण्याची रीत हजारो वर्षांची आहे. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' काढली, तिचे नाव एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलेले, आणि त्या ऑपेरातल्या नायिकेचे नाव म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चेच फ्रेंच रूप. लक्ष्मी पॅरिसला जाऊन परत आली म्हणायची! माझी आजी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याची ताटली पालथी धरीत असे. जमलेली काजळी तुपात खलून डबीत भरी. धुरापासूनच केलेले ते काजळ, मग त्याहून 'स्मोकी' दुसरे काय असणार?

तरीही जुने ते सगळे चांगले, असे मी म्हणत नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये असे डॉक्टर सांगतात, ते आपण ऐकले पाहिजे. बाजारात सुटा मिळणारा सुरमा पुष्कळदा गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा असतो, आणि शिसे अंगात गेले तर मुलांच्या मेंदूला अपाय होतो. प्रसाधनांत रंगासाठी शिसे वापरण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे, पण कागदाच्या पुडीवर कायदा कोण वाचणार? पेन्सिलीवर निदान बनवणाऱ्याचे नाव आणि तारीख असते, ती वाचता येते. वाचता येणे हाच तर आमच्या पिढीचा फायदा. त्याचा उपयोग काजळाच्या पेन्सिलीवर केला तर तो शिक्षणाचा अपमान कसा?

बाळाला काजळ लावतात, नवरीला लावतात, तेव्हा कुणी काही बोलत नाही. कारण तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी लावलेले असते. मुलीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मनाने, आरशात पाहून लावले की ती छानछोकी ठरते. माझे भांडण एवढ्याशीच आहे. केसांना जेल लावून, दर पंधरा दिवसांनी सलूनमध्ये जाऊन येणाऱ्या आमच्या वर्गबंधूंना अभ्यासाविषयी कुणी विचारल्याचे मी तरी ऐकले नाही.

त्या दिवशी मी तशीच घरी गेले. आई चुलीपाशी होती. उज्ज्वला योजनेतले सिलिंडर आमच्याकडे आहे, पण संपले की पुन्हा भरायला पैसे जुळेपर्यंत जंगलातल्या काड्याच जळतात. तिने माझ्याकडे पाहिले आणि घाबरून म्हणाली, "डोळ्याले का झालं वं पोरी? धूर गेला का?" तिचे स्वतःचे डोळे लाल, पाणावलेले. वीस वर्षांचा धूर त्यांत गेलेला आहे. मी सांगितले की, धूर नाही, काजळ आहे, साठ रुपयांचे. मला वाटले, रागावेल. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं दिसते. पण पेपर झाले का तुझे?"

पेपर झाले होते, आणि बरे गेले होते. हे मी त्या हितचिंतकांनाही नम्रपणे कळवू इच्छिते. प्राचार्यांना एक विनंती आहे. मुलींच्या खोलीतला आरसा मधोमध तडकलेला आहे, त्यात एका वेळी एकच डोळा दिसतो. नवीन सत्रात तो बदलून मिळावा.