डमी सीसीटीव्ही लावणं गुन्हा आहे का? कायदा काय सांगतो, जाणून घ्या

सोसायटीच्या पार्किंगमधून दुचाकी चोरीला जाते. पोलिस येतात, गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागतात आणि सेक्रेटरी हळूच सांगतात, ‘साहेब, तो डमी आहे.’ मग रहिवासी विचारतात, सीसीटीव्हीच्या नावाने घेतलेले पैसे गेले कुठे?

प्लास्टिकचं कवच, पेन्सिल सेल आणि लुकलुकणारा लाल दिवा. काहीशे रुपयांत मिळणारा हा नकली कॅमेरा एखाद्या भुरट्या चोराला बिचकवेलही. पण तो लावण्याआधी कायद्याची बाजू समजून घ्यायला हवी.

डमी कॅमेरा बेकायदा आहे का?

स्वतःच्या घरावर किंवा दुकानावर तो लावायला सरसकट बंदी नाही. त्यात कुणाचं चित्रीकरणच होत नसल्याने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा प्रश्नही येत नाही.

मग अडचण कुठे?

त्या कॅमेऱ्याच्या भरवशावर दुसऱ्याने पैसे मोजले, की अडचण सुरू होते. एखादं हॉस्टेल किंवा पाळणाघर ‘चोवीस तास सीसीटीव्ही’ अशी जाहिरात करत असेल आणि कॅमेरे नकली असतील, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही याच कायद्यात सेवेतील त्रुटी मानली आहे. दुकानाच्या विम्याच्या अर्जात सीसीटीव्ही असल्याचं लिहिलं आणि चोरीनंतर तो डमी निघाला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते.

शाळांचं काय?

इथे पळवाट नाही. बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाद्वारे शाळांमध्ये सीसीटीव्ही बंधनकारक केले. आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. डमी कॅमेऱ्यात ते तपासणार काय?

पुराव्याचं काय?

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग प्रमाणपत्रासह कोर्टात पुरावा म्हणून देता येतं. डमीकडे देण्यासारखं काहीच नसतं.

खरा तोटा कुणाचा?

डमीचा धाक चोरासाठी असतो, पण फसतो तो विश्वास ठेवणारा माणूस. रात्री उशिरा घरी येणारी मुलगी कॅमेरा दिसतो म्हणून तोच जिना निवडते. तिच्या या विश्वासाची किंमत काहीशे रुपये नाही. स्वतःच्या दारावर डमी लावायचा तर खुशाल लावा. पण जिथे इतरांच्या सुरक्षेची जबाबदारी घेतली आहे, तिथे चार नकली कॅमेऱ्यांपेक्षा गेटवरचा एक चालू कॅमेरा बरा.

सोसायटीच्या पुढच्या सभेत तीनच प्रश्न विचारा : कॅमेरे किती, त्यातले चालू किती आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं?