धानाचा ओलावा मोजतो, घराचा कोण मोजणार?

तुमसरच्या बाजारात धान आणणाऱ्या शेतकऱ्याला ओलाव्याचे गणित शिकवावे लागत नाही. सरकारी खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला की माल नाकारला जातो. घरी ठेवायचे धान तर त्याहून कोरडे करून, दाणा दाताखाली कटकन तुटतो की नाही हे पाहून मगच साठवायचे. ओल्या धानाला बुरशी लागते, कुबट वास सुटतो, हे घरातल्या आजीबाईंनाही ठाऊक आहे. पण त्याच घरात भिंतीवर काळे-हिरवे डाग पडलेले असतात आणि त्या भिंतीला टेकून लेकरू झोपलेले असते. त्याचे कोणाला काही वाटत नाही. ‘पावसाळ्यात एवढे चालायचेच!’

ते चालायला नको, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आपला मुलूख तळ्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा. वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुने कवेलूचे घर गळायचे खरे, पण छपरातून वाराही खेळायचा. आता स्लॅब आला, गळती कमी झाली आणि वाराही थांबला. पायाशी ओल अडवणारा थर न घालता विटा रचल्या की जमिनीतले पाणी भिंतीत हळूहळू चढते. त्यात पावसाची झड लागली की ओले कपडे घरातच दोरीवर. आणि विदर्भाचा तो कूलर! उन्हाळ्यात तो वरदान आहे. पण मृग बरसल्यावरही तो चालू ठेवला, तर दमट हवेत आणखी पाणी आपणच ओततो. त्याची वर्षभर न बदललेली गवताची जाळी म्हणजे बुरशीचे शेतच.

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत. ते श्वासाबरोबर आत जातात. पुष्कळांना काहीच होत नाही. पण ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांना शिंका, वाहते नाक, चुरचुरणारे डोळे, रात्रीचा कोरडा खोकला आणि दम लागणे सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा धोका वाढतो, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. २०२१ मध्ये ज्या ‘काळ्या बुरशी’ने सर्वांना घाबरवले तो आजार मात्र वेगळा. भिंतीवरचा काळा डाग पाहून त्या भीतीने घर सोडण्याचे कारण नाही. दुर्लक्ष करण्याचेही नाही.

दम्याच्या काही रोग्यांत ‘ॲस्परजिलस’ नावाच्या बुरशीची तीव्र ॲलर्जी फुफ्फुसात बसते. १९५२ साली इंग्लंडमध्ये वर्णन झालेला हा विकार आपल्या देशात अनेकदा क्षय समजला जातो, कारण एक्स-रेवरच्या छाया तशाच दिसतात. मग रोग एक आणि महिनोनमहिने औषध दुसरेच! तुमसरच्या परिसरात खोकल्याला कारणे काय कमी आहेत? राइस मिलची धूळ, चुलीचा धूर, मँगनीजच्या खाणी, आणि क्षयही आहेच. म्हणूनच दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी करावी. पण ती निर्दोष निघाली, किंवा उपचारांनी गुण येईना, तर डॉक्टरांना घराची ओल आवर्जून सांगावी. खरे तर डॉक्टरांनीच ‘घरात ओल आहे का?’ हे विचारायला हवे. आणि पंप घ्यायला सांगितला तर ‘सवय लागेल’ म्हणून टाळू नये. त्याने व्यसन लागत नाही; तो अर्धवट सोडला तर दमा मात्र बळावतो.

घरात करायचे काय? आधी पाणी कुठून येते ते शोधा: गळका पाइप, तुंबलेली पन्हाळ, भिंतीला लागून साचलेले डबके. ते थांबल्याशिवाय बाकी सारे व्यर्थ. डाग कोरडा घासू नका, बीजाणू उडतात. भिंत ओली करून, नाका-तोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ज्याला दमा आहे त्याला हे काम देऊ नका. ब्लीचिंग वापरलेच, तर त्यात ॲसिड कधीही मिसळू नका; विषारी वायू निघतो. पलंग आणि कपाट भिंतीपासून वीतभर सरकवा. स्वयंपाक आणि आंघोळीची वाफ बाहेर जाऊ द्या. पाऊस उघडला की खिडक्या उघडा, गाद्यांना ऊन दाखवा. पाणी शिरले तर भिजलेली वस्तू दोन दिवसांच्या आत वाळवा. न वाळणारी कापसाची गादी मोह सोडून टाकून द्या. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना ठाऊक आहे, गाळ दिसतो म्हणून उपसला जातो; भिंतीत मुरलेले पाणी दिसत नाही.

आपण मात्र दिवाळीआधी पोपडे खरवडून रंग फासतो. पाहुण्यांना भिंत छान दिसते, पुढच्या आषाढात डाग पुन्हा हजर. रंगावरचा तोच पैसा पन्हाळीवर आणि पायाभोवतीच्या नालीवर खर्च झाला तर? भाडेकरूने ओलीची तक्रार केली की ‘खिडकी उघडी ठेवा’ म्हणणाऱ्या घरमालकानेही हा हिशोब करावा. घरकुले बांधणाऱ्यांनीही छताइतकेच लक्ष पायाकडे द्यावे. पायातला तो थर नंतर घालणे अवघड जाते.

हवेतला ओलावा मोजणारे छोटे यंत्र आज काही शे रुपयांत मिळते. घरातला आकडा साठच्या खाली राहिला तर बुरशीला जम बसवणे अवघड जाते. यंत्र नसले तरी नाक आहेच. कोठीतल्या धानाला कुबट वास आला तर आपण ते त्याच दिवशी अंगणात पसरतो. लेकराच्या खोलीला तोच वास येत असेल, तर आपण दिवाळीची वाट का पाहतो?