शेतीवाडी : मका करावा, पण हिशेबाने



रब्बीच्या तोंडावर आमच्या बांधवांकडून एक प्रश्न हमखास येतो. “विहिरीला पाणी आहे, दीड-दोन एकर रान आहे, मका करतो. मग हाती काहीच का उरत नाही?” विचारणाऱ्यांत गायरान कसणारे असतात, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतून जमीन मिळालेली कुटुंबे असतात. ही जमीन कुणी ताटात वाढून दिलेली नाही. तिच्यामागे 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत. तीच जमीन तोट्यामुळे दुसऱ्याला खंडाने द्यावी लागली, की जीव तुटतो.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत परवडते की नाही हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही, त्याला भांडवल आणि श्रम यांची किती जोड मिळते यावर ठरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. मक्याच्या रानात हे पदोपदी पटते. बियाणे, खत, पाणी यांवर आपण खर्च करतोच. तो वेळेवर होत नाही, तिथे नफा गळतो.

आधी ताटे मोजा. रब्बी मक्याची पेरणी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावी. उशिरा येणाऱ्या संकरित वाणासाठी दोन ओळींत 75 सेंटिमीटर व दोन रोपांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवावे. एकरी 6 ते 8 किलो बियाणे पुरते. या अंतराने एकरात सुमारे 27 हजार ताटे बसतात. एका कणसाचे 100 ग्रॅम दाणे धरले, तर 27 क्विंटल होतात. आता पाच हजार जागा रिकाम्या राहिल्या असे समजा. शेजारची ताटे थोडी भरपाई करतात, पण बरेचसे उत्पन्न बुडते. खत, पाणी, नांगरट मात्र पूर्ण एकराचीच लागते! म्हणून सरीच्या बगलेला टोकण करावी, आठवडाभरात नांग्या भराव्यात आणि एका जागी एकच जोमदार रोप ठेवून विरळणी करावी.

खताचे तसेच. हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराला हे सुमारे 105 किलो युरिया, 150 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश होते. सुपर फॉस्फेट व पोटॅश पेरणीलाच द्यावे. युरियाचे मात्र 35 किलोचे तीन हप्ते करावेत : पेरणीला, महिन्याने आणि तुरा येण्याच्या सुमारास. सगळा युरिया एकदम टाकला तर बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो, आणि ऐन कणसाच्या वेळी पीक पिवळे पडते. माती परीक्षणात जस्ताची कमतरता दिसली, तर एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट द्यावे. पहिले 30 ते 35 दिवस रान तणमुक्त ठेवावे. ॲट्राझीन हे तणनाशक वापरणार असाल, तर आंतरपीक म्हणून हरभरा किंवा अन्य कडधान्य घेऊ नये. ते जळून जाईल.

पाण्याची खरी परीक्षा तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडताना होते. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यातला पराग केसावर पडला तरच तो दाणा भरतो. त्या आठवड्यात ताण बसला, तर केस उशिरा निघतात, तोवर पराग झडून गेलेला असतो आणि कणीस बोडके राहते. नंतर कितीही पाणी दिले तरी ती जागा भरत नाही. विहिरीचे पाणी बेताचे असेल, तर क्षेत्र थोडे कमी करावे, पण फुलोरा व दाणे भरण्याची पाळी चुकवू नये. उलट रोपे लहान असताना रानात पाणी तुंबू देऊ नये.

2018 पासून अमेरिकन लष्करी अळीने मक्याला छळले आहे. पानांवर पांढुरके पारदर्शक पट्टे, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा आणि अळीच्या डोक्यावर उलटे ‘वाय’ अक्षर, ही तिची खूण. उगवण झाल्यापासून आठवड्यातून दोनदा रान फिरून पाहावे. अंडीपुंज दिसताच चुरडावेत, एकरी पाच कामगंध सापळे लावावेत. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क चालतो. दहातली एक-दोन झाडे पोखरलेली दिसली, तर इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के दाणेदार औषध 10 लिटर पाण्यात 4 ग्रॅम या प्रमाणात सायंकाळी थेट पोंग्यात फवारावे. तोंडाला फडके, हातात मोजे हवेतच. फवारलेला चारा लगेच जनावरांना घालू नये.

शेवटी विक्री. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पीक पक्व झाले. मळणीनंतर ओलावा 14 टक्क्यांवर आणावा. 2025-26 च्या हंगामासाठी आधारभूत किंमत क्विंटलला 2,400 रुपये जाहीर झाली, पण ओल्या मालाला तो भाव मिळत नाही. एक हिशेब पाठ ठेवा. 20 टक्के ओलाव्याचा 100 किलो मका 14 टक्क्यांपर्यंत वाळला की 93 किलो भरतो. म्हणजे घट सात किलोची. व्यापाऱ्याने ‘ओला आहे’ म्हणून त्याहून जास्त वजन कापले, तर कशाबद्दल ते विचारायला हवे.

आणि भगिनींनो, घरात एक वही घाला. बियाणे, खत, औषध, मजुरी, वाहतूक, सारे त्या-त्या दिवशी लिहा. खुरपणी, टोकण, कणसे मोडणे ही कामे बहुतेक तुम्हीच करता. बाहेरची बाई लावली असती तर जी मजुरी दिली असती, ती तुमच्या नावाने त्याच वहीत मांडा. ती वजा जाता जे उरेल तोच नफा. शाळेत जाणाऱ्या मुलीला बेरीज करायला बसवा. आपल्या मागच्या पिढ्यांचे हिशेब सावकाराच्या वहीत लिहिले जात. आपला हिशेब आपल्या लेकीच्या हातचा असू द्या.

जयभीम! जय भारत!